अर्धा ब्रास खडी आणि रात्रीचे वाळवण

संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटातल्या आम्ही काही जणी मिळून कांदा, टोमॅटो आणि शेवग्याचा पाला वाळवून विकतो. काचेखालच्या काळ्या पत्र्यावर हवा तापवायची, ती पंख्याने एका बंद खोलीत सोडायची आणि खोलीतल्या ट्रेंवर कापलेला माल पसरून ठेवायचा, एवढेच आमचे यंत्र. दिवसा त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. टोमॅटोत ९३ ते ९५ टक्के पाणी असते आणि ते एका दिवसाच्या उन्हात निघत नाही. अर्धवट वाळलेल्या फोडीला हिवाळ्यातल्या रात्रीची दमट हवा लागली की ती पाणी परत ओढून घेते, कडा नरम पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले दोन-तीन तास कालचेच पाणी पुन्हा उडवण्यात जातात. ढगाळ दिवस मध्येच आला तर फोडींवर बुरशी धरते आणि तो घाणा टाकून द्यावा लागतो.

दिवसाची जास्तीची उष्णता रात्रीसाठी राखून ठेवता आली पाहिजे, हे सर्वांनाच कळत होते. रात्रीला नेमके काय लागते, याचा विचार मात्र आधी करावा लागला. आमचा पहिला समज असा होता की रात्रीही खोलीत दिवसासारखे ५५ अंश सेल्सिअस असायला हवेत. कागदावर मांडून पाहिले तेव्हा चित्र वेगळे निघाले. बाहेरची हवा १८ अंशांची आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल, आणि तिच्यातले बाष्प तेवढेच ठेवून ती नुसती २८ अंशांपर्यंत तापवली, तरी तिची सापेक्ष आर्द्रता ४६ टक्क्यांच्या आसपास येते. ४० अंशांपर्यंत तापवली तर २४ टक्क्यांवर. म्हणजे पहाटे दहा अंशांची वाढ मिळाली तरी माल पाणी परत घेत नाही, आणि वीस अंशांची मिळाली तर वाळवण चालूच राहते. ज्याला तज्ज्ञ लोक कमी प्रतीची उष्णता म्हणतात ती आमच्या कामाला पुरेशी होती, आणि ती साठवायला महागडे साहित्य लागत नाही.

पर्याय चार होते. सौर पॅनेल, बॅटरी आणि हीटर हा पहिला, आणि तो सुचवणारे पुष्कळ भेटले. विजेची उष्णता करणे सोपे आहे, पण उष्णताच हवी असताना ती आधी विजेच्या रूपाने महागड्या बॅटरीत कोंडून ठेवणे मला उधळपट्टी वाटते. दुसरा पर्याय पाण्याचा. एक किलो पाणी एक अंश तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात आणि दगडाला साधारण ०.८ ते ०.९, घनफळाने पाहिले तर खडीच्या थरात पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश उष्णता मावते. पण पाणी हवेने तापवायचे आणि पुन्हा पाण्याने हवा तापवायची, म्हणजे दोन्ही वेळा मध्ये नळ्यांचे जाळे हवे, पंप हवा, गळती आणि गंज सांभाळायला हवा. तिसरा पर्याय पॅराफिन मेणाचा: ते ६० अंशांच्या आगेमागे वितळते आणि वितळताना किलोमागे २०० किलोज्यूलच्या घरात उष्णता घेते. पुस्तकात हे फार आकर्षक दिसते; प्रत्यक्षात मेण स्वतः उष्णतेचे वाईट वाहक, शिवाय ज्वलनशील, आणि आम्हाला हवे तेवढे घ्यायचे तर खर्च आवाक्याबाहेर. चौथा पर्याय दगड. हवा थेट दगडांमधून जाते, मध्ये काहीही लागत नाही, आणि दगड आमच्या पायाखालीच आहे. दख्खनच्या पठाराचा आमच्याकडचा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या ज्वालामुखीजन्य दगडाचा. गावापासून जवळच खडी क्रशर आहे.

किती दगड, हे ठरवणारा हिशेब एका ओळीचा आहे: वस्तुमान, विशिष्ट उष्मा (एक किलो एक अंश तापवायला लागणारी उष्णता) आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार. आम्ही सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे १.२ मीटर लांबी-रुंदीचा आणि एक मीटर खोल खडीचा थर धरला. घनफळ १.४४ घनमीटर, म्हणजे क्रशरवाल्याच्या भाषेत अर्धा ब्रास. खडीत चाळीस टक्क्यांहून अधिक जागा पोकळच असते, ती वजा जाता वजन सुमारे २,२०० किलो. सरासरी ३० अंशांची वाढ धरली तर साठवण ५५ मेगाज्यूल, म्हणजे १५ युनिटांच्या थोडी वर. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात, तेव्हा कागदावर एवढ्या उष्णतेत २३ किलो पाणी उडावे. बाहेर पडणारी हवा बरीचशी उष्णता सोबत नेते, म्हणून आम्ही त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी धरले. रात्रीत आठ-दहा किलो पाणी निघाले तरी आमचे काम होणार होते.

हा आकडा फार लहान वाटेल, म्हणून जगात हेच काम मोठ्या प्रमाणावर कसे चालते तेही पडताळून पाहिले. फिनलंडमधल्या कानकानपा गावी २०२२ साली सुरू झालेल्या वाळूच्या साठवणीत १०० टन वाळू आहे आणि क्षमता ८ मेगावॉट-तास, म्हणजे ८,००० युनिट सांगितली जाते. तोच गुणाकार तिथे लावला तर वाळूच्या तापमानात सुमारे साडेतीनशे अंशांचा चढउतार धरावा लागतो, आणि ती वाळू पाचशे अंशांच्याही वर तापवली जाते, तेव्हा मेळ बसतो. हॅम्बुर्गमध्ये २०१९ साली उभारलेल्या प्रायोगिक साठवणीत १,००० टन ज्वालामुखीजन्य दगड ७५० अंशांपर्यंत तापवले जात, आणि तिची क्षमता १३० मेगावॉट-तास होती. तिथला दगड आणि आमचा दगड एकाच कुळातले. फरक टनांचा आणि अंशांचा. आम्हाला अंश वाढवता येत नाहीत, कारण काचेखालच्या पत्र्यावरून ७० अंशांच्या फार वर हवा मिळत नाही, आणि मिळाली तरी कांद्याचे काप त्या हवेत लाल पडतात. त्यामुळे आमच्याकडे जे काही होणार ते टनांच्या बळावर.

संग्राहकाचे, म्हणजे काचेखालच्या त्या काळ्या पत्र्याचे, क्षेत्रफळही त्याच हिशेबातून आले. आधीचा १० चौरस मीटरचा संग्राहक दिवसाच्या वाळवणालाच पुरत होता. दगडांसाठी वेगळे ६ चौरस मीटर जोडले. हिवाळ्यात आमच्याकडे कलत्या पृष्ठभागावर दिवसाला चौरस मीटरमागे साडेपाच युनिटांच्या आसपास ऊन मिळते आणि साध्या काच-पत्र्याच्या संग्राहकाने त्यातले ४५ टक्के पकडले तरी पुष्कळ. गुणाकार पंधरा युनिटांच्या आसपास येतो. गावचा अक्षांश साडेएकोणीस असला तरी हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे बराच खाली असतो, म्हणून नव्या संग्राहकाचा कल ३५ अंश ठेवला.

खडी निवडण्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला आणि तो द्यायलाच हवा होता. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान, पण परवानगीशिवाय ते उचलता येत नाहीत, आणि आकाराने ते सारखेही नसतात. सारखेपणा इथे सर्वांत महत्त्वाचा. मोठ्या दगडांच्या फटीत लहान दगड आणि त्यांच्या फटीत कच बसली की हवेला वाट उरत नाही. मग ती एखाद्या मोकळ्या कोपऱ्यातून निघून जाते आणि बाकीचे दगड थंडच राहतात. आम्ही ४० मिलिमीटरची खडी मागवली आणि ट्रॉलीतून उतरल्यावर पुन्हा चाळली. चाळणीवर घमेल्याघमेल्याने टाकून, वरून पाणी मारून धुतली. पहिली चार-पाच घमेली धुतल्यावर वाहणारे पाणी सिमेंट कालवल्यासारखे राखाडी होते, आणि ते नितळ होईपर्यंत धुणे चालू ठेवावे लागले. ही धूळ पुढे खाण्याच्या वस्तूवर जाऊन बसणार होती, त्यामुळे या कामात कुणी आळस केला नाही. धुतलेली खडी अंगणात पसरून चांगली वाळवली, कारण ही खडी एका बंद हौदात भरायची होती, आणि ओला दगड तिथे गेला असता तर त्याच्यातले पाणी वाळवणाच्या खोलीत गेले असते.

हौद बांधायला आलेल्या गवंडीमामांनी पहिल्याच दिवशी विचारले, "ताई, पाणी नाही, धान्य नाही, मग हौदात ठेवणार काय?" मी म्हटले, "ऊन." त्यांनी मान हलवली आणि ओळंबा काढला; पुढे मात्र सर्वांत नेमके प्रश्न त्यांनीच विचारले. बांधकाम असे: आतली भिंत विटांची, तिच्याभोवती वीतभर पोकळी, आणि बाहेर पुन्हा विटांची भिंत. पोकळीत भाताचा तूस भरला. आमच्या भागात भात होत नाही, पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेला होतो, आणि तिकडच्या गिरणीतून तूस मिळाला. कोरडा तूस उष्णता फार सावकाश जाऊ देतो, आणि आमच्या तापमानाला तो सुरक्षित आहे. दोनशे-तीनशे अंशांची साठवण करायची असती तर त्याचे नावही काढले नसते. वाळवी आणि उंदीर यांच्या भीतीने तुसात चुन्याची भुकटी मिसळली आणि पोकळीचे तोंड सिमेंटने बंद केले.

सगळीकडे इन्सुलेशन सारखेच जाड असावे असा गवंडीमामांचा आग्रह होता. मी त्यांना सांगितले की हौदाचा तळ नेहमी गारच राहणार आहे, तेव्हा तिथे कमी चालेल. झाकणावर मात्र दुप्पट लागेल. हे त्यांना पटले नाही, आणि का पटले नाही हेही मला समजत होते, कारण आग खालून आणि उष्णता वर, हाच आपला सर्वांचा अनुभव. आमच्या हौदात उष्णता वरून आत जाते.

दगडांच्या साठवणीत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. तापलेली हवा वरून सोडली की ती वरच्या वीतभर थरातच जवळजवळ सगळी उष्णता देऊन टाकते, कारण इतक्या खडीचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो. खाली जाते ती गार झालेली हवा. वरचा थर पुरता तापला की पुढचा तापू लागतो, आणि अशी एक सीमा दिवसभर हळूहळू खाली सरकत जाते. खडीचे दगड एकमेकांना फक्त टोकांवर टेकलेले असतात, त्यामुळे हवा थांबली की उष्णता दगडातून दगडात फारशी पसरत नाही. वर तापलेले वरच राहते आणि खाली गार ते गार. रात्री हवेची दिशा उलटी करायची: गार हवा खालून आत, आणि सर्वांत तापलेल्या थरातून वर बाहेर. म्हणजे हौद निम्मा रिकामा झाला तरी बाहेर येणारी हवा पहिल्याइतकीच गरम असते. हेच वरून घातले आणि खालून काढले, तर रात्रीच्या सुरुवातीला कोमट हवा मिळते, आणि खालून भरले तर गरम हवा आपोआप वर चढून सगळा थर एकसारखा कोमट करून टाकते. दोन्ही प्रकारांत साठलेली उष्णता जवळपास तेवढीच असते, पण तिच्यातून रात्रभर सारखी गरम हवा मिळत नाही.

भरताना खडी वरून ओतली नाही. तळाला विटांच्या खांबांवर लोखंडी अँगल, त्यावर जाड जाळी, आणि जाळीखाली वीतभर मोकळी जागा, म्हणजे हवा सगळीकडून सारखी यावी. जवळजवळ सव्वादोन टन वजन या जाळीवर येणार असल्यामुळे अँगल गवंडीमामांच्या अंदाजापेक्षा एक माप जाड घेतले. जाळीवरचा पहिला थर हाताने लावला, मोठे दगड निवडून, टोके एकमेकांत अडकतील असे. मग घमेली खाली उतरवून, कडेला आणि मध्यभागी सारखी पसरत भरत गेलो, कारण उंचावरून ओतले की मोठे दगड घरंगळत भिंतीकडे जातात आणि बारीक मधोमध साचतात. चार उंचींवर तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या तारा एका जीआय पाइपमधून आत सोडल्या. या तारांमुळेच पुढचे सगळे डोळ्यांना दिसले.

डिसेंबरमधल्या एका स्वच्छ दिवसाचे आकडे वहीत आहेत. दुपारी बाराला वरचा थर्मोकपल ५८ अंश, दुसरा ३४, तिसरा २२ आणि तळाचा २०. चार वाजता ६४, ६१, ४९ आणि ३०. तळाचे तापमान चढू लागले म्हणजे हौद भरत आला; त्यापुढे तापवत राहिलो तर गरम हवा खालून निघून जाते आणि पंखा फुकट चालतो. चारही आकड्यांची सरासरी ५१ येते. सकाळच्या वीस अंशांपासून ३१ अंशांची वाढ, म्हणजे कागदावरच्या ३० अंशांना अगदी धरून. संध्याकाळी झडपा बदलून रात्रीची फेरी सुरू केली. रात्री दहाला वरून येणारी हवा ६० अंशांच्या आसपास होती आणि ती खोलीत जाण्यापूर्वी तिच्यात बाहेरची हवा मिसळावी लागली. पहाटे सहाला ती ४१ वर आली होती आणि तळ १७ वर, म्हणजे जवळजवळ बाहेरच्या हवेइतका.

पंख्याचा वेग हा वेगळा धडा. रात्रीही दिवसाइतकीच हवा सोडली असती तर हौद मध्यरात्रीच्या आधीच रिकामा झाला असता. सेकंदाला ४० लिटर हवा ३० अंशांनी तापवायला साधारण सव्वा किलोवॉट लागते. पंधरा युनिटे त्या हिशेबाने बारा तास पुरतात. म्हणून रात्रीसाठी वेगळा, छोटा डीसी पंखा बसवला आणि त्याच्यापुरती एक लहान बॅटरी ठेवली. खडी सारखी आणि स्वच्छ असल्यामुळे एक मीटर जाडीच्या थरातून हवा ढकलायला फारसा जोर लागत नाही.

भिंतींतून होणारी गळती मी ७-८ टक्के धरली होती, आणि विटांच्या भिंतीला रात्री हात लावला तर ती बाहेरून गारच लागे. झडपांची बाब निराळी. निरभ्र रात्री संग्राहकाची काच आकाशाकडे उष्णता सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते. संग्राहकाकडे जाणारी झडप नीट मिटली नाही तर गार हवा नळातून सरकत राहते आणि हौदाचा वरचा थर, म्हणजे नेमका मोलाचा भाग, गार करते. पत्र्याच्या झडपेच्या कडेला नमद्याची पट्टी चिकटवून आणि वर वजन ठेवून आम्ही हे थांबवले. या कामाकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण माझ्या मते दगड, वीट आणि काच या तिन्हींपेक्षा झडपेवर जास्त खर्च झाला तरी चालेल.

यात नवे काही नाही, हेही सांगायला हवे. गोव्यातल्या पदेरांच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्यांच्या, पारंपरिक भट्टीत लाकडे आत जाळून निखारे बाजूला केले जातात आणि पाव भाजला जातो तो तापलेल्या भिंतींच्या आणि जमिनीच्या उष्णतेवर. लोखंडाच्या झोतभट्टीला लागणारी हवा विटांच्या जाळीतून आळीपाळीने तापवण्याची एडवर्ड काउपर यांची पद्धत १८५७ सालची, आणि ती आजही वापरात आहे. विटा आधी धुराने तापवायच्या, मग दिशा बदलून त्यांच्यातून हवा सोडायची. आमच्या दोन फेऱ्या म्हणजे त्याच कल्पनेची गरीब आवृत्ती.

वाळवणाचा परिणाम काय झाला, हे विचारणाऱ्यांना मी ट्रे दाखवते. पूर्वी सकाळी टोमॅटोच्या फोडी बोटाला चिकटत; आता कडा कडक असतात आणि फोड उचलली की तशीच आडवी राहते. ढगाळ दिवशी मात्र हौद भरत नाही आणि सलग दोन दिवस ढग आले तर तो काहीच देत नाही. अशा वेळी आम्ही नवा माल कापत नाही. दगडांची साठवण आमच्या मापाची असेल तर ती एका रात्रीची, आठवड्याची नाही. पावसाळ्यात हौदाची वरची-खालची तोंडे बंद करून ठेवतो, आणि ऑक्टोबरमध्ये पहिले काही दिवस ट्रे न भरता नुसती हवा फिरवून आतला दमटपणा बाहेर काढतो.

आता शेजारच्या गावातल्या गटाला तसाच हौद हवा आहे आणि तो किती मोठा असावा यावर चर्चा चालू आहे. प्रत्येक बाजू दुप्पट केली तर दगड आठपट होतात आणि उष्णता निसटण्याचा पृष्ठभाग फक्त चौपट, म्हणून मोठा हौद कधीही फायद्याचा. फिनलंडमधल्यासारख्या वाळूच्या साठवणी एवढ्या मोठ्या बांधतात त्याचे एक कारण हेच. पण आठपट दगडांना आठपट संग्राहक लागतो, आणि त्यांच्या शेडच्या छतावर दक्षिणेकडे तोंड केलेली मोकळी जागा अठरा चौरस मीटरच भरते. तेव्हा दीड ब्रासवर ठरले आहे, आणि क्रशरवाल्याला ४० मिलिमीटरची खडी वेगळी चाळून ठेवायला सांगितले आहे.